वाचलेला अंक टेबलावर

अवसरीच्या वाचनालयात ग्रंथपाल यशोधराने भिंतीवर सूचना लावली : वाचून झालेला अंक मांडणीत परत ठेवू नये, टेबलावरच राहू द्यावा. वाचनालय बंद करताना ती टेबलावरचे अंक उचलायची, वहीत त्या त्या मासिकाच्या नावापुढे रेघ मारायची आणि मग जागेवर लावायची. महिनाभरात ज्याच्यापुढे एकही रेघ पडणार नाही ते मासिक बंद.

एवढं साधं काम, पण मला जमेना.

मी शेळीपालनाचं मासिक वाचते. नातवंडं झाल्यावर अक्षरं शिकले, त्यामुळे ओळीखाली बोट ठेवावं लागतं. माझी गाभण शेळी कोवळा चारा खाऊन तडफडून मेली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. आजाराचं नाव मला त्या मासिकात सापडलं. पावसाळ्याआधी लस टोचायची असते हेही त्यातच. ते मासिक गावात दुसरीकडे कुठे येत नाही.

माझी आई गावातल्या मोठ्या घरचं, दादाभाऊंच्या घरचं अंगण झाडायची. मला सोबत न्यायची आणि बजावायची, "कशाला हात लावू नगं. लावलास तर व्हतं तसं ठिव. हात लागल्याचं कळाया नाय पायजे." एकदा मी ओट्यावरचं वर्तमानपत्र उघडं टाकून आले. त्या दिवशी आईला जे ऐकावं लागलं ते मी इथे लिहीत नाही.

आता दादाभाऊच वाचनालयाच्या समितीवर आहेत. रोज दुपारी येतात.

मी अंक टेबलावर ठेवून उठायची. दारापर्यंत जायची. वाटायचं, कुणीतरी विचारणार, हे कुणी टाकलं? मग मागे फिरून अंक मांडणीत लावायची, कडेला कड जुळवून.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी यशोधराने मला गाठलं. "आजी, तुमच्या मासिकापुढं रेघच न्हाई."

"तू बघतीस की मला वाचताना."

"बघते. पण टेबलावर घावल्याबिगर मारायची न्हाई, असं ठरलंय. आज एकदा ठिवा. शेळ्यांची शपथ घालू का?"

ती आतल्या खोलीत पुस्तकं लावायला गेली. मी वाचलं, म्हणजे डोळे फिरवले. अंक टेबलावर ठेवला आणि या वेळी बाहेर पायरीपर्यंत पोहोचले. चप्पल सापडेना.

समोरून दादाभाऊ आले. माझ्याकडे न बघता आत गेले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसली. ते टेबलाशी थांबले.

"ह्ये कुनी टाकलं हितं?" ते पुटपुटले. "शिस्त म्हनून नाय लोकान्ला." त्यांनी अंक उचलला आणि मांडणीकडे वळले.

मला पळून जायचं होतं. वय पाहिलं तर पळणंही हास्यास्पद झालं असतं. मी आत कशी गेले, ते सांगता येणार नाही.

"दादाभाऊ, ठिवू नका त्यो. टेबलावर पायजे."

"का?"

"मी वाचलाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हातातल्या अंकाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. "तू? द्रौपदे, तुला वाचाया येतं व्हय?"

"येतं."

"मंग उचलून ठिवायचा ना जाग्यावर."

"सूचना वाचा की भिंतीवरची," मी म्हणाले. त्यांच्या घरात असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, सूचना वाचली. वाचायला बराच वेळ लावला. "मी आपलं आवराया घेतलं व्हतं," ते म्हणाले. अंक टेबलावर ठेवला, पण एक हात त्याच्यावरच राहिला.

मी पुढे होऊन माझा हात अंकाच्या दुसऱ्या कडेवर ठेवला. त्यांनी तो बघितला. मी काढला नाही.

"यशोधरा," मी हाक मारली, "पेन्सिल घिऊन ये, रेघ मार."

"सापडंना, आजी," ती आतून म्हणाली. "आले, थांबा."

दादाभाऊ खुर्ची ओढून बसले. मी उभीच राहिले.