कुठली खिडकी?

छत्र्या दुरुस्त करायचं दुकान. गिऱ्हाईक औषधालाही नाही. एक मुलगी दुसरीला विचारते, "खिडकी लावू का?" दुसरी छताकडे बघते. पंखा फिरतो. फिरतच राहतो. मग ती म्हणते, "कुठली?"

दुकानाला खिडकी एकच आहे.

अप्पा गदागदा हसले. मी शेजारी पाय हलवत बसले होते. मालिका माझ्या भाचीने लावून दिलेली. जपानी आहे, याला कार्टून म्हणायचं नाही, ॲनिमे म्हणायचं, असंही तिने बजावलंय. काही म्हणा, माझा धीर सुटतो. मी व्हिडिओ एडिटर आहे. लोकांच्या मुलाखतींतले 'अं', 'म्हणजे', आवंढे, उसासे छाटायचे, हे माझं पोटापाण्याचं काम. हा भाग माझ्या हाती पडता तर जाहिरातीएवढा उरला असता.

आणि जन्मभर बातम्यांखेरीज काही न बघितलेले माझे वडील रोज संध्याकाळी हेच लावून बसतात. पक्षाघातानंतर त्यांना वाचायला वेळ लागतो. पडद्यावर खाली येणारी भाषांतराची अक्षरं पळून जायच्या आत वाचून होतात, ती फक्त इथेच.

"अप्पा, पण यात घडतं काय?"

त्यांनी तोंड उघडलं. "यात... को... को..."

"कोणालाच घाई नाही, असंच ना?"

त्यांनी तोंड मिटलं आणि मान हलवली. झालं! पुन्हा तेच. सकाळीच त्यांच्याकडून बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या बाईंनी मला जिन्यात गाठून झापलं होतं. "तुम्ही त्यांच्या तोंडातला शब्द काढून घेता. हल्ली ते माझ्यापुढेही नुसती मान हलवतात. असंच चाललं ना, तर ते बोलणंच सोडून देतील." मला रागच आला. मी काय हौसेने करते? शब्द सापडेना की त्यांच्या कपाळावरची शीर उठते आणि माझा जीव खालीवर होतो. मला ते बघवत नाही. म्हणून पुरवते एकेक शब्द, सुटले बिचारे असं मनात म्हणत.

पडद्यावर आता एकीने छत्रीची मोडकी काडी डिंकाने चिकटवली होती आणि तो वाळेपर्यंत ती धरून बसली होती. दुसरीने विचारलं, "वाळला?" पुन्हा पंखा. मी फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. तेवढ्यात अप्पांकडे लक्ष गेलं. उत्तर यायचं होतं, तरी ते आधीच हसत होते. त्यांची सगळी गंमत त्या पंख्यातच होती. मी पहिल्यांदा छाटला असता तो नेमका पंखा.

भाग संपला. अप्पा माझ्याकडे वळले.

"चहा..."

'हवाय ना, आणते,' हे माझ्या ओठांवर आलंच होतं. अर्धी उठलेही होते. तशीच खाली बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. फ्रिज घुरघुरत होता. खाली कोणाची तरी गाडी सुरू व्हायला मागत नव्हती. शीर उठली. बोला हो अप्पा, बोला एकदाचं!

"चहा... मी..."

'मी पिणार.' दुसरं काय असणार? जीभ चावली.

"मी... करतो." त्यांनी दम घेतला. काठी शोधली. "तू... बस."

ते भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेले. मी बघतच राहिले. आजारपणापासून त्यांनी 'चहा' म्हणायचा अवकाश, मी कप हातात ठेवत होते आणि ते मुकाट्याने पीत होते. त्यातला एक तरी त्यांनी मागितला होता का, कोण जाणे.

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मी ताडकन उठले, आणि पुन्हा बसले.