अठराव्या आठवड्याचा रिपोर्ट

सकाळी घरून निघताना सीमाने तांब्याभर पाणी प्यायलं, नगरच्या स्टँडवर उतरल्यावर आणखी एक, आणि दवाखान्यात सिस्टरने तिसरा तांब्या पुढं केला. लघवीची पिशवी भरलेली असली म्हणजे मशिनवर गर्भ नीट दिसतो, तेव्हा नंबर येईपर्यंत उठायचं नाही, असं सिस्टरने बजावलं. सीमाला ते सांगायची गरज नव्हती. या बाकावर ती तिसऱ्यांदा बसली होती.

एका बाजूला नवरा आदिनाथ, दुसऱ्या बाजूला सासू मालनबाई. समोरच्या भिंतीवर, इथं गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही, अशी निळ्या अक्षरांची पाटी लागली होती. मागच्या खेपेला ती नव्हती. आदिनाथने पाटी दोनदा वाचली आणि मग रस्त्याकडं बघत बसला.

डॉक्टर पाटीप्रमाणेच वागायचे. मुलगा किंवा मुलगी हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नसे. मुलगा असला तर म्हणायचे, "घरी सगळं ठीक." मुलगी असली तर म्हणायचे, "पुढचं काय ते ठरवा." चौऱ्याण्णवात त्यांनी "ठरवा" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका दवाखान्यात सीमाला मोकळं केलं. शहाण्णवातही तसंच झालं. थोरली राजनंदिनी तेवढी वाचली, कारण ती पहिली होती आणि पहिल्या वेळेला मालनबाईंना या मशिनचं ठाऊक नव्हतं.

मालनबाई जात्याच दुष्ट होत्या असं म्हणता येणार नाही. आदिनाथ चार वर्षांचा असताना त्यांचा नवरा विहिरीत पडून गेला. दिरांनी जमीन गिळायला बघितली. ती वाचली ती केवळ पदरात मुलगा होता म्हणून. प्रवरेच्या कालव्यावरचा तो साडेतीन एकर ऊस बाईने एकटीने राखला होता. त्यातून बाई एकच गोष्ट शिकली होती, आणि ती सुनेच्या पोटावर चालवत होती.

या वेळेला डॉक्टरांनी आदिनाथलाही आत येऊ दिलं. सीमाच्या पोटावर गार चिकट जेल लावलं तशी ती शहारली. मशिनचा पडदा डॉक्टरांकडं वळवलेला होता. सीमाला छतावरच्या पंख्याखेरीज काही दिसत नव्हतं. आदिनाथला मात्र सगळं दिसलं. काळ्यावर पांढरं, धुरासारखं काहीतरी, आणि त्यात लुकलुकणारं काळीज. डॉक्टरांनी डोक्याचं माप घेतलं, पुढं गेले, थांबले, पुन्हा डोक्यावर आले. मग पाठीवर. सीमाला कुशीवर वळायला सांगितलं. एरवी पाच मिनिटांत आटोपणाऱ्या माणसाने वीस मिनिटं घेतली. 

"जाऊन या लघवीला," शेवटी ते सीमाला म्हणाले. लघवी दाबून तिचा जीव अर्धा झाला होता. ती लगबगीने गेली. तेवढ्या वेळात डॉक्टरांनी मालनबाईंना आत बोलावलं आणि दार लोटलं.

"घरी सगळं ठीक," ते म्हणाले. मालनबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवीला हात जोडले. "थांबा. ऐकून घ्या. बाळाच्या पाठीचे मणके कमरेजवळ जुळलेले नाहीत. तिथं पाठ उघडी आहे. डोक्यात पाणी साठायला लागलंय. पाय मी बराच वेळ बघितले. हलले नाहीत."

"म्हणजे?" आदिनाथने विचारलं.

"जगला तरी त्याला चालता येणार नाही. लघवी-संडासवर ताबा राहणार नाही. डोकं वाढत जाईल. आत्ता अठरावा आठवडा चालू आहे. विसाव्यापर्यंत कायद्याने मोकळं करता येतं. तुमच्याकडं दोन आठवडे आहेत. तिला नीट सांगा आणि दोघं मिळून ठरवा."

"मोकळं?" मालनबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी शिवी दिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "पोरग्याला?"

आदिनाथ टेबलाशी पुढं झाला. त्याने विचारलं, "डॉक्टर, मागच्या दोन्ही वेळेला तुम्ही बघितलं होतं. त्यांना असं काही होतं का?"

डॉक्टर रिपोर्ट लिहू लागले. लिहिता लिहिताच म्हणाले, "नाही. त्या चांगल्या होत्या."

सीमा परत आली तेव्हा रिपोर्ट आदिनाथच्या खिशात घडी होऊन गेला होता. "बाळ कसं हाय डॉक्टर?" तिने विचारलं. डॉक्टरांनी आदिनाथकडं बघितलं. "घरचे सांगतील," ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली.

जिना उतरताना सीमा दोन पायऱ्या पुढं होती. मालनबाईंनी मुलाचा दंड धरला. "तिला काय बी सांगायचं न्हाई. बाईमानूस, हाय खाईल. आन् डाक्टरचं सगळंच खरं हुतं असं न्हाई. पोरगा हाय एवढं खरं हाय."

"आई, पण पाठ—"

"जल्मू दे तर आधी."

स्टँडवर मालनबाईंनी पेढे घेतले आणि पहिला पेढा स्वतःच्या हाताने सुनेच्या तोंडात घातला. तेव्हा सीमाला कळलं. ती हसली. गेल्या चार वर्षांत आदिनाथने तिला असं हसताना बघितलं नव्हतं. एसटीत खिडकीशी बसल्यावर तिने हळूच विचारलं, "तुमी आत बघितलं ना? काय करत हुता तो?"

आदिनाथच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "लाथा मारत हुता."

आदिनाथ नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर होता. दुसऱ्या दिवशी त्याने रिपोर्ट कामावरच्या कपाटात, लेथवर घालायच्या मळकट डांगरीच्या खाली ठेवला आणि कुलूप लावलं. मग तो दिवस मोजू लागला. चौदा, तेरा, बारा. रोज शिफ्ट सुटली की आज सांगायचं असं ठरवून तो घरी जाई. घरी सीमा खारीक-खोबरं खात बसलेली असे. मालनबाई तिची वेणी घालून देत. ज्या सुनेला त्यांनी गुरांसाठी उसाच्या वाढ्यांचे भारे वाहायला लावलं, तिच्या हातातून आता त्या पाण्याची कळशी काढून घेत होत्या.

तिच्यावर दया आली म्हणून आदिनाथ गप्प राहिला, असं मात्र नव्हतं. बातमी गावात पसरली होती. एका पोरीचा बाप म्हणून ज्यांनी त्याला खिजवलं, ते चुलते पारावर सरकून त्याला जागा देऊ लागले होते. ते त्याला आवडायला लागलं होतं. चौदावा दिवस आला, गेला, आणि त्याला मोकळं मोकळं वाटलं. आता सांगून उपयोग नव्हता. म्हणजे सांगायचंही नव्हतं.

सातव्या महिन्यात सीमाच म्हणाली, "राजनंदिनीच्या वक्ताला पोटात नुसता धिंगाणा असायचा. ह्यो सरकतो, पन लाथ म्हनून न्हाई. आन् पोट बी लई वाढलंय. एकदा मशिनवर दाखवू या का?"

"सारखं बघितलं तर दृष्ट लागती," मालनबाई चुलीपुढून म्हणाल्या.

सीमाने नवऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, "शांत सोभावाचा असंल."

"तुमच्यावर गेला म्हनायचा," ती म्हणाली. तिचं समाधान झालं होतं.

मार्चात कळा सुरू झाल्या. गावच्या सुईणीने सकाळपासून दुपारपर्यंत बघितलं आणि हात टेकले. डोकं अडलं होतं. जीपमध्ये घालून सीमाला नगरला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट फाडून मूल काढलं. मूल जिवंत होतं. डोकं भोपळ्याएवढं, कमरेवर पातळ कातडीची, पाण्याने भरलेली पिशवी, आणि पाय लुळे.

संध्याकाळी सीमा शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाई खाटेशी उभ्या राहिल्या. त्या आदिनाथवर चिडल्या होत्या. "नऊ महिने कुणालाच माहीत नव्हतं? ही बाई आज दगावली असती. सोनोग्राफी केलीच नाही का?"

"केली," खाटेवरून सीमा म्हणाली. "पाचव्या महिन्यात."

"मग रिपोर्ट कुठाय?"

"हरवला," आदिनाथ म्हणाला.

"रिपोर्ट हरवेल. पण हे पाचव्या महिन्यात आंधळ्यालाही दिसलं असतं. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं असेल ना?"

टाके ओढले गेले तरी सीमाने मान पूर्ण वळवली आणि नवऱ्याकडं बघत राहिली. तो सलाइनच्या बाटलीकडं बघत होता.

मालनबाईंनी दुपटं सोडलं. आधी तो मुलगाच असल्याची खात्री केली. मग त्याला उपडं केलं. बघितलं, परत ठेवलं आणि हात पदराला पुसले. "आमच्यात असलं कवा झालं न्हाई," त्या म्हणाल्या. "हिच्या म्हायेरचं आसंल."

डॉक्टरीणबाईंनी पुण्याला न्यायला सांगितलं. पाठ शिवता येते, डोक्यातलं पाणी नळी घालून काढता येतं, पाय यायचे नाहीत पण जीव वाचू शकतो, असं त्यांनी समजावलं. चिठ्ठीही लिहून दिली. "पुन्याला नेऊन काय, लुळं घेऊन यायचं?" मालनबाई म्हणाल्या. आदिनाथ म्हणाला, "बघू." बघू म्हणता म्हणता नववा दिवस आला आणि त्यांनी सीमाला घरी आणलं.

घरी मालनबाईंनी स्पष्टच सांगितलं. "त्याला पाजू नको. जेवढं पाजशील तेवढं त्याचं हाल वाढतील."

सीमाने पाजलं. त्याला पाठीवर निजवता येत नव्हतं, म्हणून ती त्याला मांडीवर पालथं घेऊन बसे. पिशवीवर माश्या बसायच्या. पाच वर्षांची राजनंदिनी शाळा बुडवून त्याला पंख्याने वारा घाली. बारसं झालं नाही. पुण्याची चिठ्ठी सीमाने तीनदा आदिनाथच्या हातात दिली आणि तीनदा त्याने ती देव्हाऱ्यात ठेवली. पिशवी फुटली, ताप चढला, झटके यायला लागले. एकोणिसाव्या दिवशी दुपारी ते गेलं. आदिनाथ तेव्हा कामावर होता. तो आला तेव्हा भावकीने ओढ्याकाठी खड्डा खणून ठेवला होता.

चार दिवसांनी सीमा त्याला म्हणाली, "तो रिपोर्ट आना."

"सांगितलं ना, हरव—"

"आना."

त्याने आणला. सीमा दहावी पास होती. इंग्रजीतला तो कागद तिने ओट्यावर बसून बोटाने एकेक शब्द लावत वाचला. सगळं कळलं नाही, पण तारीख कळली, अठरा आठवडे कळलं.

"काय करता येत हुतं का तवा?"

"व्हय. दोन आठवडे हुते."

"आन् त्या दोघी? त्यांना काय हुतं?"

आदिनाथ ओट्याच्या कडेला टेकला. "काय नव्हतं."

"हे तुमाला कवा कळलं?"

"त्याच दिशी."

"आन् मला म्हनालात, लाथा मारत हुता."

ती रडली नाही. उठली आणि राजनंदिनीला जेवायला वाढलं.

मे महिन्यात आरोग्य केंद्रात कुटुंबकल्याणाचं शिबिर होतं. सीमा सिस्टरला भेटून फॉर्म घेऊन आली आणि तो नवऱ्यापुढं ठेवला. मुलं बंद करण्याच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही लागत होती.

"आईला विचारून—"

"त्या दोघींच्या वक्ताला मला विचारलं हुतं का?"

त्याने सही केली. ती आईला विचारायचं धाडस नव्हतं म्हणून केली, की सीमापुढं बोलता येत नव्हतं म्हणून, हे त्याचं त्याला सांगता आलं नसतं. दोन दिवसांनी सीमा पोटाला हात धरून टेम्पोतून घरी परतली, तेव्हा मालनबाईंना कळलं. त्या अंगणात बसून राहिल्या. "माझ्या घराला कुलूप लावलं हिनं," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून सीमाची चूल गोठ्याशेजारी वेगळी झाली. टाके ओले असतानाच ती दुसऱ्यांच्या कांद्यावर रोजाने जाऊ लागली. मालनबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, सुनेनेच वंश मारला. आदिनाथ जवळ असला तर गप्प बसे.

महिनाअखेरीस मालनबाईंचे भाऊ छगनमामा यांनी पारनेर तालुक्यातलं एक स्थळ आणलं. आबासाहेब नावाचा कोरडवाहू शेतकरी, चार मुली, शेवटच्या दोघी उजवायच्या. पहिली बायको नांदत असताना दुसरी करायची हे कायद्यात बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आदिनाथने इस्त्रीचा शर्ट घातला आणि तो आईबरोबर गेला.

मुलगी शुभांगी, एकोणीस वर्षांची. तिने कांदेपोहे आणले, खाली मान घालून नाव सांगितलं आणि ती आत गेली. आबासाहेबांनी जरा घुटमळून विषय काढला.

"पहिलीला का टाकली म्हनायची?"

"टाकली न्हाई," मालनबाई म्हणाल्या. "घरातच हाय. तिच्यातच दोष हाय."

आबासाहेब आदिनाथकडं वळले. साधा माणूस होता, मुलीच्या काळजीने विचारत होता. "तुमी सांगा पाव्हनं. तुमच्या तोंडून ऐकू द्या. काय दोष हाय?"

मालनबाई मुलाकडं बघत राहिल्या. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. शुभांगी दाराआड उभी राहून ऐकत असावी.

"एक पोरगी हाय तेवढी," आदिनाथ म्हणाला. "बाकी तिच्या पोटी मूल टिकत न्हाई."

आबासाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि आत चहा टाकायला सांगितलं. चहात आलं चांगलं उतरलं होतं. आदिनाथने अर्धा कप आणखी मागून घेतला. पेरण्यांच्या आत लग्न उरकून घ्यायचं ठरलं.