आठातले दोन नोझल

हेमचंद्रला माणसं उशिरा पटायची, आणि डेकलन तर पटलाच नव्हता. डब्लिनजवळच्या ल्यूकनमधली त्यांची शेजारीण नोरीन, तिच्या नवऱ्याचा हा पुतण्या. दर शुक्रवारी सामानाच्या पिशव्या तिच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवायचा, लांबूनच हात हलवायचा आणि काहीही विचारलं की "ग्रँड, ग्रँड", म्हणजे सगळं छान, असं म्हणायचा. इतकं गोड बोलणारा माणूस काहीतरी झाकत असणार, असं हेमचंद्रचं ठाम मत. वैद्यकीय नळ्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं क्वालिटीत काढल्यावर दुसरं काय होणार म्हणा!

फेब्रुवारी २०२१ होता, कोविडमुळे घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची बंदी होती. नोरीनने एक जड खोका हेमचंद्रच्या दाराशी आणून ठेवला. तिचा नवरा मार्टिन सत्तरच्या दशकात इंग्लंडात ड्रॅग रेसिंग करायचा. सरळ पाव मैल, दोन गाड्या, आधी पोचेल तो जिंकला. त्या गाडीच्या फ्युएल इंजेक्शनचे सुटे भाग खोक्यात होते. तिथला एक क्लब ते मार्टिनच्या नावानिशी मांडून ठेवणार होता, पण सगळे भाग त्याचेच आहेत का, हे आधी कळायला हवं होतं. मार्टिन गेल्यापासून खोका वर्षभर डेकलनच्या गॅरेजमध्ये होता.

"तू मोजमाप करणारा माणूस," नोरीन म्हणाली. "बघशील?"

हेमचंद्रने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. पंप आणि व्हॉल्व्ह यांवर एकाच माणसाने ठोकलेल्या खुणा होत्या, त्यांच्याबद्दल शंका नव्हती. इंधन फवारणारे आठ नोझल, दर सिलिंडरला एक, हवेच्या नळ्यांवर अजून आपापल्या क्रमांकाच्या जागी घट्ट बसलेले होते. एकेक काढून त्याने भोकात बारीक मोजपिना घातल्या आणि आकडे तक्त्यात लिहिले. पहिली सहा भोकं तंतोतंत सारखी. सातवं आणि आठवं मोठं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," तो बायकोला म्हणाला.

ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलमधून ड्यूटी करून आलेली माधवी खुर्चीत कोसळली होती. "अरे, कशावरून पण? युअर मॅन डेकलन तिची शॉपिंग करतो, औषधं आणतो. साप साप म्हणून भुई धोपटायची सवयच आहे तुला. बोलू नकोस हं तिच्याजवळ काही."

"आठच्या सेटमध्ये दोन वेगळे? आमच्याकडे असा लॉट डायरेक्ट रिजेक्ट होतो."

आणि तो बोललाच. नाव त्याने घेतलं नाही, तेवढा तो हुशार होता. "दोन नोझल कुणीतरी बदललेत," एवढंच म्हणाला, "खोका कुणाकडे होता?" नोरीनचा चेहरा उतरला. घरी येऊन त्याने तो तक्ता मोठ्या तोऱ्यात क्लबलाही पाठवून दिला.

पुढच्या शुक्रवारी भिंतीवर पिशव्या नव्हत्या. त्याच्या पुढच्याही नव्हत्या. "बघ, चोराच्या मनात चांदणं," हेमचंद्र म्हणाला. माधवी स्वतःच्या सामानाबरोबर नोरीनचं दूध-पाव घेऊन आली.

मग क्लबमधल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं उत्तर आलं. 'सातवा आणि आठवा मोठे आहेत? मग सेट मार्टिनचाच. त्याच्या इंजिनात मागच्या दोन सिलिंडरांकडे हवा जास्त जायची, तिथे इंधनही जास्त द्यावं लागायचं, नाहीतर पिस्टन वितळायचे. ती दोन भोकं त्याने माझ्यासमोर मोठी केली. आठही सारखे निघाले असते, तर मी म्हटलं असतं की कुणीतरी बदललेत.'

हेमचंद्रने ते तीनदा वाचलं. जॅकेट न घालताच तो शेजारी गेला आणि दारापासून दोन मीटरवर, भुरभुर पावसात उभं राहून सगळं सांगितलं, स्वतःला अजिबात न वाचवता.

"चूक माझी आहे, नोरीन. डेकलनला मी स्वतः फोन करतो."

"तो घराची किल्ली परत देऊन गेला," ती म्हणाली. "मी त्याला चोर म्हटलं. त्याने उलट एक शब्द काढला नाही."

"पण ते माझ्यामुळे—"

"तुझं काय रे," नोरीन म्हणाली. "तू त्याला ओळखतच नव्हतास, तू भोकं मोजलीस. मी तर त्याला सहा वर्षांचा असल्यापासून वाढवलं होतं."