गुरुवारचा पाचवा तास

“तुम्ही मोजता त्या लोकांत चोर किती आहेत?”

टिटवीने विचारलं आणि सगळा वर्ग आधी तिच्याकडे, मग फळ्यापाशी उभ्या असलेल्या पाहुणीकडे बघायला लागला. प्रश्न खरं तर तिचा नव्हताच. लंबू आणि चष्मिष्ट या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी पैज लावली होती की भर वर्गात एवढं विचारून दाखव, आठवडाभर खिडकीजवळची जागा तुझी. त्यात पाहुणी म्हणजे टिटवीची सख्खी मावशी, म्हणजे उत्तर शाळेतून थेट घरापर्यंत चालत येणार, हे त्या दोघींना चांगलंच माहीत होतं.

मागच्या वर्षीची टिटवी असती तर बाकाखाली शिरली असती. मागच्या वर्षी तिला टिटवी कुणी म्हणतही नसे. हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा तिचा आवाज घशातच विरायचा आणि बाई तिला गैरहजर मांडून मोकळ्या व्हायच्या. मग वक्तृत्वाच्या दिवशी बोलणारी मुलगी तापाने पडली, दुसरं कुणी उठेना, म्हणून हिला पुढे ढकललं, आणि ही जी सुरू झाली ती घंटा दोनदा वाजवूनही थांबेना. टोपणनाव त्या दिवशी चिकटलं आणि तिलाही ते आवडलं.

मावशी गडबडली नाही. “माहीत नाही,” ती म्हणाली. “कोण आहेत ते कळू न देता किती आहेत ते मोजायचं, हेच आमचं काम आहे.”

मग तिने तीन मुलींना उभं केलं, एका घडी घातलेल्या चिठ्ठीवर आणखी तीन घड्या घातल्या आणि ती हातोहात पुढे पाठवायला सांगितली. प्रत्येकीने आपल्या वाट्याची एक घडी उघडायची. पहिलीला कळलं की चिठ्ठी कुणाकडून आली, तिसरीला कळलं की कुणाला द्यायची, आणि मधलीला दोन्हीतलं काहीच कळलं नाही. जगभर हजारो लोकांनी आपापले कॉम्प्युटर असं काम करायला दिलेत, मावशी म्हणाली, म्हणजे इंटरनेटवर काही शोधणाऱ्याच्या मागे कुणी उभं राहू शकत नाही. यातला प्रत्येक कॉम्प्युटर आपल्याकडून किती जण गेले त्याचे आकडे ठरावीक वेळाने पाठवतो आणि तिच्या ऑफिसातली माणसं ते गोळा करतात, जपून ठेवतात, त्यांचे ग्राफ काढून सगळ्यांना बघायला देतात. आकडा मात्र कधी नेमका येत नाही. तो वरच्या आठाच्या पटीत नेलेला असतो. एक असला तरी आठ, नऊ असले तर सोळा.

टिटवीला हे काही पटलं नाही. एवढी शिकलेली मावशी, आणि पाढा म्हणजे फक्त आठाचा! मधल्या सुट्टीत खिडकीजवळच्या बाकावर पाय पसरून ती मैत्रिणींना म्हणाली की आमच्या मावशीसारखा वाण्याने हिशोब केला तर दुकान एका दिवसात बसेल. तिघी पोट धरून हसल्या.

पण चिठ्ठ्यांचं वेड डोक्यातून जाईना. शनिवारी ती मावशीच्या ऑफिसात जाऊन थडकली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार माणसं, एक किटली आणि भिंतभर वायरी. पलीकडच्या टेबलावर एक दाढीवाले काका बसले होते. जुन्या फाइलींची राखण त्यांच्याकडे. त्यांच्याकडे वर्ष, महिना, दिवस, तास अशी सगळी उतरंड लावलेली होती आणि त्यातलं काहीही फेकायचं नाही हा नियम होता. चुकीची फाइल आली तरी ती ठेवायची, बाजूला चूक काय ते लिहायचं. एका ग्राफमध्ये रेघ मध्येच तुटून बोटभर पुढे पुन्हा सुरू झाली होती. टिटवीने विचारलं, जोडून का टाकत नाही, दिसायला किती बरं दिसेल.

“त्या सहा तासांत आमचं यंत्र बंद पडलं होतं,” काका म्हणाले. “तेव्हा काय झालं ते आम्हाला माहीत नाही. मग रेघ कशाची काढू, माझ्या दाढीची?”

घरी परत येईपर्यंत टिटवीचा बेत ठरला होता. शाळेच्या लायब्ररीत मागच्या भिंतीला तीन कॉम्प्युटर होते आणि त्यांवर लायब्ररीच्या बाईंनी मावशीने सांगितलेल्या त्या कॉम्प्युटरांच्या जाळ्यातूनच जाणारा ब्राउझर बसवला होता. स्क्रीन भिंतीकडे, खुर्च्यांना उंच पाठी. मुलांना काही विचारायचं असेल, घरी विचारता येत नसेल, तर इथे बसा, असं बाई दर वर्षी एकदा सांगत आणि पुन्हा त्याचं नाव काढत नसत. टिटवीने त्यांच्याकडे परवानगी मागितली. किती जण बसतात एवढंच मोजणार होती. बाई म्हणाल्या, मोज, पण नावं लिहू नकोस.

तिने एकही नाव लिहिलं नाही. त्याचा तिला केवढा अभिमान. काउंटरच्या कोपऱ्यात वही घेऊन ती मोकळ्या तासांना बसायची, बाकीचे तास लंबू आणि चष्मिष्टने वाटून घेतले. वार, तास, इयत्ता, तुकडी, किती मिनिटं. इयत्ता आणि तुकडी लायब्ररीच्या पासावर असायची, त्यामुळे विचारावंही लागत नव्हतं. नेमके आकडे, आठाची भानगड नाही. तीन आठवड्यांनी शुक्रवारी लायब्ररीच्या दाराबाहेर हातभर रुंद तक्ता लागला. प्रत्येक वर्गाचा रंग वेगळा, प्रत्येक तासाला एक रकाना, खाली सुबक अक्षरात ‘पूर्णपणे निनावी’. विज्ञानाच्या सरांनी तो दोनदा वाचला आणि तिथल्या तिथे आंतरशालेय प्रदर्शनासाठी निवडला. अकरा दिवसांनी, मंगळवारपासून तीन दिवस, दुसऱ्या गावी, मोठ्या सभागृहात. तक्त्यासोबत मूळ नोंदवही जोडायची, एवढाच नियम.

टिटवीला आजवर शाळेने कशालाही निवडलं नव्हतं, रांग सरळ करायलासुद्धा नाही. घरी आभाळ ठेंगणं झालं. बाबा बस चालवायचे, त्यांनी डेपोतल्या तिघांशी पाळ्या बदलून तीन दिवसांची रजा मिळवली आणि ती का हवी हे निम्म्या डेपोला सांगितलं. आई औषधांच्या दुकानात कामाला होती. तिने येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाईकाला सांगायचं तेवढं बाकी ठेवलं.

सोमवारपासून तक्त्यापुढे गर्दी व्हायला लागली. बुधवारी टिटवी तिथून जात होती तेव्हा सातवी ‘क’ची चार-पाच मुलं एका निळ्या चौकोनावर बोट ठेवून खिदळत होती. गुरुवार, पाचवा तास, सातवी ‘क’, एक जण, चाळीस मिनिटं. तिन्ही आठवडे तसंच.

“गुरुवारी पाचव्याला आपण सगळे मैदानावर असतो,” त्यांच्यातला एक म्हणाला. “ती लंगडी सोडून.”

टिटवी तशीच पुढे गेली. पायाला प्लास्टर असलेली एक मुलगी तिने पाहिली होती. खेळाच्या तासाला तिला सूट होती. तीच ती. कुबडी भिंतीला टेकवून खुर्चीत बसायची, चाळीस मिनिटं वाचायची आणि जाताना खुर्ची जागेवर सरकवायची. काय वाचायची कुणास ठाऊक. तेवढं एक त्या जाळ्याने खरोखरच कुणाला कळू दिलं नव्हतं. बाकी सगळं तक्त्याने सांगितलं होतं.

मैत्रिणींना सांगितलं तर चष्मिष्ट चष्मा पुसत म्हणाली की अगं, म्हणजे तुझं मोजणं किती अचूक आहे बघ. 

गुरुवारी पाचव्या तासाला ती पेन्सिल घेऊन काउंटरच्या कोपऱ्यात बसली. आज ती मुलगी आली, तर मुलांचं हसणं वाऱ्यावर गेलं म्हणायचं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मागच्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या. टिटवीने खिडकीतून पाहिलं. मैदानाच्या कडेच्या पायरीवर ती मुलगी कुबडी मांडीवर आडवी ठेवून बसली होती, उन्हात, काहीच न करता. टिटवीने वहीत ‘शून्य’ लिहिलं आणि लिहिलेल्या त्या शून्याकडे घंटा होईपर्यंत बघत राहिली. मग बाहेर जाऊन तिने तक्ता उतरवला. बाईंनी टाचण्या ठेवायला डबी पुढे केली.

शाळा सुटल्यावर ती सायकलच्या दुकानावरचा जिना चढली आणि गुंडाळलेला तक्ता मावशीच्या हातात देऊन तिने गुरुवारची गोष्ट सांगितली. मावशीने तक्ता टेबलावर पसरला, रंगांचं कौतुक केलं आणि खालच्या ओळीपाशी थांबली.

“एकटा माणूस एकटाच लिहिलास,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “आम्हीसुद्धा पहिल्यांदा असंच काहीतरी करून बसलो होतो. आठ कुठून आले असं वाटलं तुला?”

टिटवीला वाण्याच्या दुकानाचा विनोद आठवला आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने घाईघाईने उपाय मांडला. नवा तक्ता करते, तासवारी काढून टाकते, वर्ग काढते, सगळं महिन्याचं मिळून आठाच्या पटीत. रात्रीतून होईल. मावशी म्हणाली, तक्ता होईल, वहीचं काय?

वही. मूळ नोंदवही जोडायची, परीक्षक ती पानन् पान बघणार, प्रदर्शन संपलं की ती तिथल्या संग्रहात राहणार. टिटवीने आशेने दाढीवाल्या काकांकडे पाहिलं. फेकायचं काही नाही हा नियम त्यांचाच. ती म्हणाली, वही तुमच्याकडेच ठेवा ना, कुलपात, प्रदर्शनाच्या लोकांना सांगू की ती जपून ठेवली आहे.

काकांनी वही चाळली. गुरुवार आला तिथे त्यांनी ती लगेच मिटली.

“आमच्याकडे येतं ते येण्याआधीच आठात बुडवून आलेलं असतं, म्हणून मी ते जन्मभर ठेवू शकतो,” ते म्हणाले. “ही वही मी आत घेणार नाही. कुलूप आज माझ्याकडे आहे, उद्या कुणाकडे असेल ते मला माहीत नाही. जे लिहायलाच नको होतं त्याची राखण करत नाहीत, पोरी.”

“मग प्रदर्शन?”

 मावशीने किटली भरली. खाली कुणीतरी चाकाच्या तारा एकेक करून वाजवून बघत होतं. टिटवी बराच वेळ बसली, चहा प्यायली, आणि निघताना वही कुणी मागायच्या आत स्वतःच दप्तरात घातली. ठरवायचं तिनेच होतं, आणि ते कुणी तिच्यासाठी ठरवून दिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, हे तिला जिना उतरताना कळलं.

शुक्रवारी सकाळी ती विज्ञानाच्या सरांना भेटली. वहीशिवाय चालेल का, एवढंच विचारलं. सरांनी नियमांचा कागद काढून दाखवला. चालणार नव्हतं. दाखवायची नसतील ती चार पानं काढून घेऊन दे, ते हळूच म्हणाले, कोण मोजतंय. टिटवीने विचार केला. पण गुरुवार गेला तरी सोमवारचा तिसरा तास होताच, त्यात नववी ‘अ’चा एकच होता, आणि बुधवारी सहावीचे दोन. कुठली पानं काढणार? आणि काढून उरलेल्याला मूळ वही म्हणणं म्हणजे तुटलेली रेघ गुपचूप जोडणंच झालं. तिने सरांचे आभार मानले. मधल्या सुट्टीत लायब्ररीमागच्या नळापाशी तिघींनी मिळून वही फाडली, बादलीत भिजवली आणि तिचा लगदा केला. चष्मिष्ट नाक ओढत होती. लंबूने लगद्याचा गोळा करून विचारलं की याचा आठाच्या पटीत काय भाव, आणि टिटवी दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

संध्याकाळी बाबा पाळीवरून आले तेव्हा पलंगावर प्रवासाची बॅग उघडी होती आणि आई तिच्या कपड्यांना इस्त्री करत होती. कोणत्या बसने जायचं, खिडकीची जागा कशी धरायची, हे बाबांनी पायातले बूट काढायच्या आधीच सांगायला घेतलं. टिटवीने त्यांचं बोलणं संपू दिलं. मग सगळं सांगितलं, चौकोनापासून लगद्यापर्यंत. इस्त्री थांबली. दुकानात कुणाला काय हवंय हे आई गिऱ्हाईकाच्या शेजाऱ्याला कधी कळू देत नसे, आणि आता तिने शर्ट हळूच घडी घालून बाजूला ठेवला. बाबा एका पायात बूट तसाच ठेवून बसले.

“मी प्रदर्शनाला जाणार नाहीये,” टिटवी म्हणाली. तिचा आवाज मुळीच विरला नाही. “लायब्ररीच्या दारावर नवा तक्ता लावणार आहे, आठाचा. त्यात तीन आठवड्यांची जागा कोरी सोडीन आणि खाली लिहीन की ती माझ्या चुकीमुळे कोरी आहे. आणि गुरुवारी पाचव्या तासाला मी लायब्ररीत पाऊल टाकणार नाही, म्हणजे कोण आलं ते मला कळणारच नाही. बाबा, रजा मात्र परत करू नका. आपण तिघं कुठेतरी जाऊ, आणि कुठे ते डेपोत कुणाला सांगायचं नाही.”