शब्द बरोबर आहेत

ठमी संतापली की तिचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. मोटार चालवायला शिकवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी जो जादा ब्रेक असतो, त्याच्या भरवशावर ती आजवर जिवंत होती. त्या दिवशी संयुक्त कक्षाच्या साहेबांसमोर बसल्या बसल्या तिने टेबलाखालची फरशी इतकी दाबली की पोटरीत गोळा आला. साहेबांची गाडी काही थांबेना.

"ताई, जरा समजून घ्या. ही दोन देशांमधली बाब आहे."

"तो माझा भाऊ आहे हो. बाब कसली?"

हा कक्ष ठमीला परका नव्हता. खाली दारातून आत शिरलं की समोरच काळा दगड लागतो. त्यावर बसस्थानकातल्या स्फोटात गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत आणि मधल्या ओळीत तिच्या बाबांचं नाव आहे. बाबा तिकीट खिडकीत बसायचे. शेजारच्या देशाने स्फोटाची पूर्वसूचना पाठवली होती म्हणे, पण ती वाचणारा माणूस रजेवर होता. दादा त्या दिवशी बाबांचा डबा घेऊन गेलेला. तो वाचला, पण त्याचा डावा कान कायमचा गेला आणि उजवाही अर्धामुर्धाच उरला. दोन्ही सरकारांनी मग डोळे पुसले आणि हा कक्ष काढला. इकडची माहिती तिकडे, तिकडची इकडे, विनाविलंब. उद्घाटनाला ठमी आणि दादा पहिल्या रांगेत होते आणि त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या.

नुसत्या टाळ्याच नाहीत. साहेब बोलावतील त्या कॉलेजात दोघं जायची. माथी भडकवणाऱ्यांच्या नादी लागू नका, राग आला तरी कायद्यावर विश्वास ठेवा, असं पोरांना पोटतिडकीने सांगायची. दादा बहिरा, त्यामुळे सांगायचा तेही ओरडूनच. पोरं आधी हसायची, मग गप्प व्हायची.

पुढे दादा कामासाठी शेजारच्या देशात गेला. लिफ्ट दुरुस्त करायचा. मोठमोठ्या सरकारी इमारतींची कामं त्याच्याकडे असायची. इकडे ठमीचं लग्न ठरत नव्हतं, ठरलं तेव्हा चाळिशी उलटत आली होती आणि ठरल्यावरही ती आज करू, उद्या करू असा घोळ घालत बसली. शेवटी दादा वैतागला. जेवणाच्या सुट्टीत एका मंत्रालयाच्या जिन्यात बसून त्याने फोन लावला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे चार मजल्यांना ऐकू जाईल असा, ओरडला: "ठमे, आता बास! या महिन्यात बार उडवूनच टाकू! माणसं भरपूर जमली पाहिजेत. बाबांच्या माघारी पहिलंच कार्य आहे, आवाज गावभर गेला पाहिजे!"

ठमी पोट धरून हसली होती. त्याच संध्याकाळी तिथल्या पोलिसांनी दादाला कामावरूनच उचलला.

"साहेब, एक सांगा," ठमी म्हणाली. "बार उडवायचा म्हणजे काय करायचं?"

साहेबांना हसू आवरेना. "अहो, लग्न लावून टाकायचं. माझ्या मुलीचा गेल्या वर्षीच उडवला की. तुम्ही आला होतात."

"मग हे त्यांना कळवा ना!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "त्याचं काय झालंय, त्या फोनवरच्या बोलण्याचं त्यांच्या यंत्राने भाषांतर केलं आणि आमच्याकडे पाठवलं. शब्द बरोबर आहेत का, असं विचारलं होतं. आमच्या माणसाने पडताळलं. बार म्हणजे सुरुंगात ठासतात तो बार. उडवणं म्हणजे उडवणं. शब्द बरोबर आहेत, असं आम्ही कळवलं. त्याच दिवशी कळवलं, विनाविलंब."

"आणि अर्थ?"

"अर्थ त्यांनी विचारला नव्हता."

ठमीच्या कानशिलात घण बसायला लागले. बाबांच्या वेळी कोणी वाचलंच नाही, आणि दादाच्या वेळी ज्याने वाचलं त्याला सगळं कळत होतं. ही कुठली प्रगती?

"मग आता कळवा. चूक झाली म्हणा."

"आता कसं कळवणार? आज एक म्हणायचं, उद्या दुसरं. त्यांचा आपल्यावरचा विश्वास उडेल, ताई. किती वर्षांनी बसलाय तो."

"माझ्या भावाला आत घालून बसवलाय तो! मी सांगते त्यांना. फोनवर मीच होते."

"म्हणूनच तुमचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही," साहेब हळहळले, अगदी मनापासून. "तुम्ही संबंधित व्यक्ती."

प्रकरण अजून चौकशीवर होतं. एकदा का ते विशेष न्यायालयात गेलं की निर्दोष सुटायलाही वर्षं जातात, असं तिथल्या वकिलाने ठमीला बजावलं होतं. ती उठली. तेवढ्यात साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. येत्या स्मृतिदिनाला शेजारच्या देशाच्या अधिकारी येणार होत्या आणि मृतांच्या कुटुंबीयांतर्फे दरवर्षीप्रमाणे ठमीनेच दोन शब्द बोलायचे होते. शब्द कागदावर तयार होते.

माणसाने निर्लज्ज असावं, पण किती? कागद त्यांच्या तोंडावर फेकावा असं तिला वाटलं. मग तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं आणि तिने तो घडी घालून पर्समध्ये ठेवला.

स्मृतिदिनाला सभागृह भरलं होतं. पाहुण्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, करड्या केसांच्या, ताठ. कानाला हेडफोन. मागे काचेच्या खोलीत कक्षाचा दुभाषा बसून इकडचं बोलणं त्यांच्या भाषेत सांगत होता. ठमीने कागदावरची पहिली दोन वाक्यं वाचली, बाबांचं नाव घेतलं, मग तिने कागद बाजूला ठेवला.

"आता एक घरची गोष्ट सांगते. माझं लग्न ठरलंय. या महिन्यात बार उडवूनच टाकायचाय! माणसं भरपूर जमली पाहिजेत. बाबांच्या माघारी पहिलंच कार्य आहे, आवाज गावभर गेला पाहिजे. सगळ्यांनी यायचं!"

सभागृहात हशा पिकला. क्षणभराने पाहुण्या बाईही हसल्या आणि त्यांनी हात उंचावून टाळ्या वाजवल्या. साहेबांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"बाई," ठमीने त्यांनाच विचारलं, "तुमच्या कानात आत्ता काय सांगितलं?"

उत्तर दुभाष्याच्या आवाजात आलं. "तुमचं लग्न आहे, ते धूमधडाक्यात करायचं आहे. माझ्या शुभेच्छा."

"माझा दादा फोनवर हेच म्हणाला. शब्दाला शब्द हेच. तो तुमच्या कोठडीत आहे."

साहेबांनी खूण केली आणि माइक बंद पडला. पण बहिऱ्या भावाशी बोलून बोलून ठमीचा गळा तयार झाला होता. तिला माइक लागतोय कशाला! तिचा आवाज भिंतींवर आदळायला लागला. मागे दुभाष्याने साहेबांकडे एकदा पाहिलं, काचेचं दार सताड उघडलं आणि तो पाहुण्या बाईंच्या कानात सांगत राहिला.

"खाली दारातल्या दगडावर आमच्या बापाचं नाव आहे! स्फोटात कान गेला म्हणून तो ओरडतो, आणि ओरडला म्हणून तुम्ही त्याला स्फोट करणारा ठरवलात! इथल्या प्रत्येकाला त्या वाक्याचा अर्थ कळतो. आत्ता हसलात की सगळे! मग कळवायला काय जीभ झडली होती? कायद्यावर विश्वास ठेवा म्हणून आम्ही गावोगाव पोरांना सांगत फिरलो. आता त्यांना काय सांगू मी?"

पाहुण्या बाईंनी हेडफोन काढला आणि साहेबांना शेजारी बोलावून घेतलं.

काही आठवड्यांनी दादा सुटला. माफी कोणीच मागितली नाही. चौकशी पूर्ण झाली, एवढंच त्याला सांगण्यात आलं. साहेबांनी वार्ताहरांना बोलावून ही सुटका म्हणजे दोन देशांमधल्या उत्तम समन्वयाचं फळ असल्याचं सांगितलं. ठमीने ते टीव्हीवर ऐकलं आणि टीव्ही बंद केला, नाहीतर फुटला असता.

विमानतळावर ती शिकवायचीच गाडी घेऊन गेली. दादा वाळला होता. तो तिच्या नेहमीच्या, शिकवणाऱ्याच्या जागेवर बसला आणि गाडी सुरूही झाली नव्हती तरी त्याचा पाय जादा ब्रेकवर जाऊन बसला. आता हा ओरडणार, सगळा वाहनतळ वळून बघणार, म्हणून ठमी वाट बघत राहिली. दादाने आधी मागे पाहिलं, मग काच वर केली.

"ठमे," तो इतक्या हळू म्हणाला की तिला कान पुढे करावा लागला, "तुझा विवाह समारंभ कधी आहे?"

"विवाह समारंभ?" ठमीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि डोकंही भडकलं. "असं कधी बोलायचास तू? बार म्हण, दादा! बार उडवायचाय म्हण!"

दादाने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल," तो म्हणाला.