संत्र्याच्या बागेतली पिकदाणी

तुम्ही जेवायला बसला असाल तर हे नंतर वाचा. मी पिकदाणी आहे.

नाक मुरडलंत? मुरडा. माझ्यासमोर आजवर कुणी हसऱ्या तोंडाने वाकलेलं नाही, त्यामुळे मला वाईट वाटत नाही. वाटलं तरी विचारतो कोण!

ज्या पितळी पत्र्यातून मी घडले, त्यातून कारागिराने आधी एक तांब्या घडवला. तो कुणाच्या तरी देवघरात गेला. उरलेल्या पत्र्याची मी झाले. पसरट तोंड, बारीक कंबर, गोल पोट. कारागिराला माझं रूप इतकं आवडलं की त्याने माझ्या अंगावर वेलबुट्टी कोरली. ती बघून मला वाटलं, आपण फुलदाणी आहोत. आता गुलाब येतील, मोगरा येईल. पहिल्याच संध्याकाळी जे आलं त्याचं वर्णन करत नाही. रंग तेवढा गुलाबी होता.

माझं पहिलं घर अंजनगाव सुर्जीला. हलीमाबीच्या सासरी विड्याच्या पानांचा व्यापार. बैठकीत मोठ्या तक्क्याच्या डाव्या हाताला माझी जागा. व्यापारी यायचे, पान लावायचे, बोलणी करायचे. माणसाला उत्तर द्यायचं नसलं की तो पान तोंडात धरून नुसती मान हलवतो, आणि ‘नाही’ म्हणायचं असलं की आधी थुंकतो, हे मी तिथेच शिकले. शिकून उपयोग काय? सगळ्यांचा नेम चांगला नव्हता. घरातल्या इतर भांड्यांना चिंच लावत, मला राख. तीसुद्धा अंगणात, लांबून.

पुढे हलीमाबीचे मियाँ गेले, बैठक मोडली, पानाचे शौकीन एकेक करून कमी झाले. मला माळ्यावर ठेवलं. शेजारी एक बंद पडलेला पंखा आणि कडी तुटलेली पेटी. आम्ही तिघं निवृत्त मंडळी. पंखा आपल्या वाऱ्याच्या गोष्टी सांगे, पेटी प्रवासाच्या. माझी पाळी आली की दोघांनाही झोप येई.

मला खाली काढलं ते हलीमाबीच्या नातीने, रुबीनाने. अकोल्याला दुधाचं शिक्षण घेऊन ती परत आली होती आणि म्हशीच्या दुधाचं चीज बनवत होती. तिची मैत्रीण गीतांजली आणि तिचा नवरा शेखर यांची गावाबाहेर संत्र्याची बाग. ते संत्र्याची वाइन बनवत. तिघांनी मिळून एक सहल काढायची ठरवली होती. अमरावती-अकोल्याच्या लोकांना सकाळी बसने आणायचं, बाग दाखवायची, वाइन आणि चीज कसं बनतं ते सांगायचं, चाखायला द्यायचं, जेवू घालायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं.

चाखताना घोट तोंडात फिरवून थुंकून टाकायची पद्धत असते. गीतांजली म्हणाली, “बादली ठेवू ना एखादी.”

“बादली पाहून कोन थुंकन?” रुबीना म्हणाली. “थुंकाले बी जरा इज्जत पाहिजे.”

इज्जत आणि मी एकाच वाक्यात! मी माळ्यावरून जवळजवळ उडीच मारली. हलीमाबीने मात्र मला पाहून कपाळाला हात लावला. “रगड के धो, बेटी. तेरे दादा ने आधा कारोबार इसी में थूका है.”

रुबीनाने मला घासलं, उकळत्या पाण्यात बुडवलं, परत घासलं. मी इतकी चकचकीत झाले की मला स्वतःत स्वतःचं तोंड दिसायला लागलं. ते पाहून हौस फिटली.

बागेत एका लांब शेडमध्ये पांढऱ्या चादरीच्या टेबलावर काचेचे पेले मांडलेले. टेबलाच्या टोकाला मी. रुबीनाचं चीजचं टेबल वेगळं. ती वाइनला हात लावत नाही. कुणी विचारलंच, “तुमी नाई घेत?” तर ती म्हणे, “मी चीजवाली. तिकडचं त्याहिले विचारा.”

पहिल्या काही सहलींत माझी जी फजिती झाली, ती सांगायला हवी. शेखर आरशासमोर पाठ केलेलं भाषण करायचा. “वास घ्या. छोटा घोट घ्या. तोंडात फिरवा. आनि मग हिच्यात थुंका.” लोक मन लावून ऐकायचे, वास घ्यायचे, घोट फिरवायचे आणि गटकन गिळायचे. एका काकांनी तर स्पष्टच विचारलं, “पैसे देऊन थुंकाचं? काहून बापा?” दुसऱ्या एका काकांना वाटत होतं की ही मेळघाटची सफारी आहे. ते प्रत्येक घोटानंतर “सेमाडोह केव्हा येते? वाघ केव्हा दिसते?” असं विचारत होते.

माझ्यात शेंगांची टरफलं पडली. संत्र्याच्या साली पडल्या. एका बाईने गॉगल ठेवला आणि विसरून गेली. फोटो काढताना लोक मला टेबलाखाली सरकवत. ज्या कामाची लाज वाटायची तेच काम मिळावं म्हणून मी आता तोंड उघडून बसले होते, आणि कुणी थुंकायला तयार नव्हतं. हा दिवसही बघायचा होता!

मग खुशालराव आणि लीलाबाई आले.

खुशालराव अकोल्याचे, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. आवाज असा की शेडचा पत्रा वाजावा. लीलाबाई त्यांच्या मागे, हिरव्या साडीत, पर्स पोटाशी धरून. बसमधून उतरल्यापासून दोघांचं मिळून खुशालरावच बोलत होते. चहा आला तर “हिले अद्रकवाला लागते.” खुर्च्या मांडल्या तर “हिले पंख्याखाली नाई जमत.” लीलाबाई हसून मान हलवत. मी बैठकीत वाढलेली. तोंडात पान धरून मान हलवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. पण या बाईंच्या तोंडात पान नव्हतं.

शेखरने पहिली वाइन ओतली. ती बिनगोडाची, संत्र्याच्या सालीसारखी कडसर. खुशालरावांनी घोट घेतला आणि पेला उंच केला. “वा! याले म्हनते चव!”

“काकू, तुमाले कशी वाटली?” शेखरने विचारलं.

लीलाबाईंच्या तोंडात घोट तसाच होता. गाल फुगलेले. खुशालराव म्हणाले, “आवडली तिले. तिचं माहं एकच अस्ते.”

लीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग शेखरकडे. डोळ्यांत पाणी आलं, ते कडूपणाने की कशाने कोण जाणे. मग त्या उठल्या. पर्स खुर्चीवर ठेवली. टेबलाच्या कडेकडेने चालत माझ्यापर्यंत आल्या, पदर सावरला, वाकल्या आणि थुंकल्या.

पितळेवर असा आवाज झाला की शेडमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या. खरं सांगते, मी थरथरत होते. टरफलांना आवाज नसतो हो.

लीलाबाईंनी पदराने तोंड पुसलं. “कडू हाय. मले नाई आवडली.”

“अवं, पन घरी तं तू कारलं बी...” खुशालरावांनी पेला खाली ठेवला. “घरी तं तू काहीच म्हनत नाई.”

“घरी थुंकाची सोय नव्हती,” लीलाबाई म्हणाल्या.

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. शेखरचा चेहरा उतरला. गीतांजलीच्या हातातली बाटली तशीच राहिली. पाहुण्यांचं भांडण लावणारी सहल म्हणून गावोगाव नाव झालं असतं, आणि त्या भांडणाचं मूळ मी. पुन्हा माळ्यावर जायची मी मनाची तयारी केली. पंख्याला सांगायला एक गोष्ट तरी मिळाली होती.

खुशालराव उठून बाहेर गेले आणि एका संत्र्याच्या झाडाखाली पाठ करून बसले. लीलाबाई काही त्यांच्या मागे धावल्या नाहीत. त्यांनी दुसरी वाइन मागितली. ती गोड होती, “हे बरी हाय” म्हणाल्या. मग रुबीनाच्या टेबलाकडे गेल्या. तिथे तिचं जुनं चीज होतं, महिनोन्‌महिने मीठ चोळून, उलटून-पालटून मुरवलेलं. त्याला बंद खोलीतल्या ओल्या मोज्यांसारखा वास येई. त्या वासाने लोक माझ्यापेक्षाही लांब पळायचे, म्हणून माझी त्याच्याशी जरा मैत्री होती.

“काकू, ते राहू द्या. त्याचा वास नाई सहन होत कोनाले,” रुबीनाच म्हणाली.

“घेऊ तं दे.” लीलाबाईंनी तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले. सावकाश चावत राहिल्या. मी तोंड ताणून तयार. पण त्यांनी गिळला आणि हात पुढे केला. “अजून एक दे, बाई.”

रुबीनाने पाठ फिरवून ओढणीने डोळे पुसले. ते चीज खाऊन कुणी दुसऱ्यांदा हात पुढे करील, असं तिच्या आजीलाही वाटत नव्हतं.

जेवणाच्या वेळी लीलाबाई ताट घेऊन नवऱ्यापाशी गेल्या. शेडच्या उघड्या बाजूने मला सगळं ऐकू येत होतं. कान नसले तरी तोंड मोठं असल्याचा हा फायदा.

“म्हंजे इतके वर्षं तू खोटं बोलली,” खुशालराव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक होता.

“खोटं नाई बोलली. बोललीच नाई.”

“चहातलं अद्रक?”

“नाई आवडत.”

“अन् हा हिरवा रंग? दर दिवाळीले मी हाच आनतो.”

लीलाबाईंनी साडीवरून हात फिरवला. “रंग नाई आवडत. तुमी उन्हातानात फिरून आनता, ते आवडते.”

खुशालरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसले. “मले कोनी सांगतलंच नाई,” ते म्हणाले.

“मी बी कोठं सांगतलं!” लीलाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी मातीतच बसल्या.

संध्याकाळी बस निघाली तेव्हा खिडकीपाशी लीलाबाई बसल्या होत्या; सकाळी तिथे खुशालराव होते. त्या दिवशी मला कुणी टेबलाखाली सरकवलं नाही. शेखरनेही भाषण बदललं. आता तो म्हणतो, “नाई आवडलं तं मनात ठेवू नका. हे पाहा, पितळेची सोय केली हाय.” आणि लोक थुंकतात. आधी लाजत, मग बिनधास्त. एका नवीन जोडप्याने तर आळीपाळीने थुंकून एकमेकांना टाळ्या दिल्या. या साऱ्याचं श्रेय मी एकटी घेते. दुसऱ्या कुणी ते मागितलेलंही नाही.

काही आठवड्यांनी खुशालराव एसटीने एकटेच आले. सहलीचा दिवस नव्हता. रुबीना मुरत ठेवलेलं चीज मिठाच्या पाण्याने पुसत होती. ते शेडच्या दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले. “ते वासाचं चीज पाहिजे होतं. तिले आवडते.”

रुबीनाने तुकडा कापला. “आधी तुमी चाखून पाहा, काका.”

त्यांनी तोंडात टाकला. पहिल्या चावण्यालाच चेहरा असा झाला की मी कंबर कसली. डोळे पाणावले, नाकपुड्या फुलल्या. ते माझ्याकडे वळले. मी तोंड होतं त्याहून मोठं केलं. बँकेचा मॅनेजर, आणि माझ्याकडे धाव! माझ्या आयुष्यातलं एवढं मानाचं गिऱ्हाईक पुन्हा मिळणार नव्हतं.

“काका, नसन आवडलं तं तिथं...” रुबीना म्हणाली.

खुशालरावांनी हाताने तिला थांबवलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. त्यांनी तो घास गिळला.

“नाई, नाई,” ते धापा टाकत म्हणाले. “आता माही पाळी हाय. अर्धा किलो बांध.”

अशी माणसं माझा धंदा बुडवतात. मी कोरडीच राहिले, पण त्या दिवशी कोरडं राहण्याचंही मला काही वाटलं नाही.

तर मंडळी, मी अजून त्याच टेबलाच्या टोकाला आहे. कधी या बाजूला आलात तर या. माझ्याकडे बघून हसा, फोटोत मला घेऊ नका, काही हरकत नाही. गोड लागलं तर गिळा. कुणासाठी मुद्दाम गिळायचं असेल तर तेही गिळा, मी काही बोलणार नाही. पण नकोसा घोट तोंडात धरून, मान हलवत, तसेच घरी जाऊ नका. मी इथे तोंड उघडून बसले आहे ती त्याचसाठी.