ओसीचा ओंडका

“बघा दाजी! काडीसुद्धा ठेवली नाही!”

मेव्हणा व्हर्जिल कौतुकाची वाट पाहत उभा होता. होबार्ट काठी टेकत टेकडी चढून आला आणि थबकला. बायकोच्या, ओसीच्या, थडग्यावर ऊन पडलं होतं.

वेस्ट व्हर्जिनियाच्या आमच्या डोंगरात उन्हाळा लागला की एका रविवारी सगळे आपापली थडगी साफ करतात. गवत मुळापासून खरवडून माती उघडी करायची, मग फुलं ठेवायची. एक पातं राहिलं तरी लोक वर्षभर नावं ठेवतात. यंदा होबार्टचा गुडघा धरलेला, म्हणून व्हर्जिलने आदल्या दिवशीच सगळं उरकलं होतं. शेवाळ खरवडलं, थडग्यावर सावली धरणारी स्प्रूसची तीन झाडं पाडली, कुजका ओंडका ढकलून बाजूला केला.

त्या ओंडक्याखाली ओसीची पाल राहायची. बोटाएवढी, काळी, पाठीवर सोनेरी ठिपके. पुस्तकात तिला सॅलॅमँडर म्हणतात. ती कातडीनेच श्वास घेते, म्हणून ओल आणि सावली सोडून कुठे जात नाही. ओसीची दोन्ही मुलं पोटातच गेली. त्यानंतर दर उन्हाळ्यात ती ओंडका अलगद उचलायची आणि अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेल्या त्या आईला बघून यायची. मरताना म्हणाली होती, “मला तिच्याशेजारी ठेव. आणि सावली मोडू देऊ नकोस.” होबार्टने तिला तिथेच पुरलं, पण कारण कुणाला सांगितलं नाही. पालीपायी लोक हसतील, याची त्याला लाज वाटली.

गुडघ्याची पर्वा न करता तो खाली बसला. ओंडका उन्हात उलथा पडला होता. खोबणीत ती होती. अंड्यांभोवती तसंच वेटोळं, पण वाळून गेलेलं. रात्री दव पडलं होतं. अंडी सोडून जायचं असतं तर त्या ओलीत गेली असती. ती गेली नाही.

“अहो, पाल काय बघताय? गळाला लावायची का?” व्हर्जिल हसला. मग होबार्टचा चेहरा पाहून कावराबावरा झाला. “माझं काही चुकलं का, दाजी?”

होबार्टने वर पाहिलं. व्हर्जिलच्या तळहातांवर कुऱ्हाडीचे फोड होते.

“नाही रे. छान केलंस. ओसीला स्वच्छता आवडायची.”

फुलं घेऊन माणसं वर येत होती. होबार्टने फुलांच्या डब्यातलं पाणी खोबणीत ओतलं, डोक्यावरची हॅट काढून पालीवर ठेवली आणि लोक परत जाईपर्यंत तो उघड्या डोक्याने उन्हात बसून राहिला.